घाम (स्वेद)

त्वचेतील स्वेदग्रंथींतून पाझरणारा पाणीदार, खारट स्राव. माणसाच्या त्वचेत या ग्रंथी साधारण २० ते ४० लाख असतात. तळहात व तळपायांवर त्या सर्वांत दाट. काखेतल्या व जांघेतल्या ग्रंथी वेगळ्या प्रकारच्या असून त्यांच्या स्रावाला वास येतो तो त्वचेवरील जिवाणूंमुळे.

घामाचे मुख्य कार्य शरीर थंड राखणे हे आहे आणि ते घाम येण्याने नव्हे, तर वाळण्याने साधते. एक लिटर घाम अंगावरच वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. गळून पडलेल्या घामाचा उपयोग जवळजवळ नाही. चार्ल्स ब्लॅग्डेन यांचे १७७५ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग या बाबतीत अजूनही वाचण्याजोगे आहेत. लंडनमध्ये पाण्याच्या उत्कलनबिंदूहून अधिक तापवलेल्या कोरड्या खोलीत ते व त्यांचे सहकारी काही मिनिटे सुखरूप राहिले. तिथेच ठेवलेले मांस मात्र शिजले. त्याच खोलीत उघड्या भांड्यातले पाणी उकळेना. तेलाच्या थराने बाष्पीभवन रोखताच ते उकळू लागले.

घामात युरिया असतो, आयुर्वेदाने स्वेदाला मलांत गणले आहे, म्हणून घाम काढला की शरीर शुद्ध होते, असा दावा केला जातो. स्वेदन-चिकित्सेचे इतर परिणाम हा स्वतंत्र विषय आहे; पण युरिया बाहेर टाकण्याचे काम प्रामुख्याने मूत्रपिंडे करतात आणि घामातला त्यांच्या तुलनेत किरकोळ. चार्ल्स डार्विन यांनी सिंधमधील एका हिंदू कुटुंबाची नोंद केली आहे. त्यातील काही पुरुषांना दात व केस फार थोडे होते आणि उन्हाळ्यात कोरड्या, घाम न येणाऱ्या त्वचेमुळे त्यांचे हाल होत. घाम हे प्रामुख्याने उत्सर्जन असते, तर त्यांना बाराही महिने सारखाच त्रास व्हायला हवा होता.



हवा दमट असली की घाम वाळत नाही; म्हणून कोकणातले ३५ अंश सेल्सिअस विदर्भातल्या तेवढ्याच कोरड्या तापमानापेक्षा शरीराला जड जाते. उन्हात रोज थोडे काम केल्यास एक-दोन आठवड्यांत घाम लवकर व जास्त येऊ लागतो आणि त्यातले मीठ कमी होते. कष्टाच्या कामात होणाऱ्या उष्माघातात पुष्कळदा घाम चालूच असतो. तेव्हा अंग ओले आहे एवढ्यावरून रोगी सुरक्षित समजू नये.