लोहाराची खाण आणि भंडाऱ्याचे जंगल

भंडारा जिल्ह्याच्या पोटात कोळसा नाही. तेथे आहे ते मँगनीज, आणि तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग ही गावे त्याच्या खाणींसाठीच ओळखली जातात. तरीही विदर्भातील कोळसा खाणींविरुद्धच्या लोकलढ्याचा इतिहास या जिल्ह्याला वगळून सांगता येत नाही. चंद्रपूरलगतचे लोहाराचे जंगल ज्या औष्णिक वीज प्रकल्पाच्या कोळशासाठी खोदले जाणार होते, तो प्रकल्प तिरोड्याचा. आणि तिरोडा तालुका 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत भंडाऱ्यातच मोडत होता. शिवाय त्या लढ्यात वाघांची जी वाट वाचवायची होती, ती नागझिऱ्याच्या अरण्याकडे येते.

अदानी समूहाच्या तिरोडा प्रकल्पासाठी लोहाराचे कोळसापट्टे, म्हणजे खाणकामासाठी आखून दिलेली क्षेत्रे, नोव्हेंबर 2007 मध्ये देण्यात आले. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पापासून जवळ असलेल्या या साग-बांबूच्या जंगलात खाण होणार म्हणजे काय होणार, हे चंद्रपूरकरांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. दुर्गापूर आणि पद्मापूरच्या खुल्या खाणी त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. खुल्या खाणीत कोळशावरचा माती-दगडाचा सगळा थर उपसून बाजूला रचतात. खाणीच्या भाषेत त्याला ‘ओबी’ म्हणतात. या ढिगाऱ्यांना मूळ जमिनीचा पोत उरत नाही, त्यांवर प्रथम काटेरी झुडपेच माजतात आणि इरई नदीकाठच्या ढिगाऱ्यांची माती पावसाळ्यात पात्रात उतरते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने डिसेंबर 2009 मध्ये औद्योगिक क्षेत्रांच्या प्रदूषणाचा निर्देशांक प्रसिद्ध केला, तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांसह देशात चौथे होते.

या विरोधाचा कणा स्थानिक होता. ‘इको-प्रो’ या संस्थेचे बंडू धोतरे यांनी 2009 मध्ये अन्नत्याग सत्याग्रह केला आणि शहरातील पर्यावरणप्रेमी, विद्यार्थी व नागरिक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वाघाला केवळ राखीव क्षेत्र पुरत नाही, एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाण्यासाठी सलग झाडोऱ्याचा पट्टा लागतो, ज्याला वनखाते भ्रमणमार्ग म्हणते, हा मुद्दा या आंदोलनाने जनतेच्या भाषेत मांडला. जयराम रमेश त्या वेळी केंद्रीय पर्यावरण राज्यमंत्री होते. खाणीच्या पर्यावरणीय अभ्यासासाठी मे 2008 मध्ये दिलेली कार्यकक्षा केंद्राने जानेवारी 2010 मध्ये मागे घेतली आणि लोहाराची खाण झाली नाही. तिरोड्याचा 3300 मेगावॉटचा प्रकल्प मात्र झाला. त्याला दुसरीकडून कोळसा आणावा लागला आणि त्याच्या जादा खर्चाचा वाद वीज नियामक आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जंगल वाचले म्हणून वीज महागली, असे म्हणणे सोपे आहे. पण जंगल तुटल्यावर त्याची जी किंमत गावांना आणि नदीला मोजावी लागते, ती कोणत्याच वीजबिलात दिसत नाही.

भ्रमणमार्ग ही कार्यकर्त्यांची कल्पना नव्हती, हे भंडाऱ्याच्या जंगलांनीच लवकर दाखवून दिले. 2013 मध्ये नागझिऱ्याचा ‘जय’ नावाचा तरुण वाघ शेते, कालवे आणि महामार्ग ओलांडून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पोहोचला. त्याच वर्षी नवेगाव-नागझिरा हा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचा विस्तार भंडारा आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांत आहे. पवनी तालुक्यातील जंगल ज्यात येते, त्या कऱ्हांडला अभयारण्याच्या आसपास उमरेड परिसरातील कोळसा खाणी आहेत. लोहाराचा प्रश्न निकाली निघाला असला तरी भंडाऱ्याच्या वेशीवरचा प्रश्न असा कायम आहे.

पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार खाणीची जनसुनावणी प्रकल्पाच्या जिल्ह्यात होते. त्यामुळे उमरेडच्या खाणीवर नागपूर जिल्ह्यात बोलले जाते आणि पवनीचा गावकरी बाहेरचा ठरतो. त्याच अधिसूचनेत मात्र प्रकल्पाशी हितसंबंध असलेल्या इतरांना लेखी हरकती नोंदवण्याची मुभा आहे. पवनी, लाखनी आणि साकोली तालुक्यांतील ग्रामसभांनी ठराव करून या तरतुदीचा उपयोग केला पाहिजे, आणि तो जनसुनावणीची तारीख उलटून जाण्यापूर्वी केला पाहिजे.