मीटर मेले वन अँड अ हाफ

बंगळूरच्या ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ या रॉक बँडचे गाणे. ‘थ्री व्हील्स नाइन लाइव्ह्ज’ या तीन तबकड्यांच्या अल्बममधून ते २०१२ साली आले. कोरमंगलाला लागून, होसूर रस्त्यावर असलेल्या ख्राइस्ट कॉलेजात १९९६ मध्ये हा बँड उभा राहिला. ब्रूस ली मणी (गायन व गिटार) आणि राजीव राजगोपाल (ड्रम) हे त्याचे जुने आधारस्तंभ. गाण्याचा विषय रिक्षाचा : मीटरवर जो आकडा पडेल त्याच्या दीडपट भाड्याची मागणी, जी बंगळूरच्या प्रवाशाला रोज ऐकावी लागते. या गाण्याची नोंद ‘हिट’ म्हणून व्हावी की नाही, हा वादाचा मुद्दा आहे. ती व्हावी, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

पहिला आक्षेप आकड्यांचा. ब्रिटनमध्ये १९५२ पासून आणि अमेरिकेत ‘बिलबोर्ड हॉट १००’च्या रूपाने १९५८ पासून गाण्याचे यश क्रमवारीत मोजले जाते, या गाण्यामागे तसा एकही आकडा नाही. पण तो असणार कुठून? भारतीय संगीत उद्योगाच्या संघटनेने एकल गाण्यांची साप्ताहिक यादी काढली ती २०२१ मध्ये, आणि तीही आंतरराष्ट्रीय गाण्यांपुरती. मोजमापच नव्हते त्या बाजारातल्या गाण्याला मोजमाप नाही म्हणून बाद ठरवणे अन्यायाचे होईल. अशा वेळी गाणे कोणाच्या जगण्याला जाऊन भिडले, हे पाहावे लागते. बंगळूरच्या ‘नम्म मेट्रो’चा पहिला टप्पा ऑक्टोबर २०११ मध्ये सुरू झाला, तो महात्मा गांधी रस्ता ते बैयप्पनहळ्ळी एवढाच. कोरमंगला त्या मार्गावर नव्हते. फ्लिपकार्टसारख्या कंपन्या जिथे जन्मल्या त्या वस्तीत बस चुकली की रिक्षा, आणि रिक्षा म्हटली की भाड्याची घासाघीस. गाण्याने नेमकी हीच दुखरी नस पकडली. प्रेम आणि विरह सोडून शहराच्या रोजच्या व्यवहाराला रॉकमध्ये आणणे हे मोठे काम आहे, आणि या बँडने ते मनापासून केले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : इंग्रजी रॉक ऐकणारा वर्ग मूठभर, मग हे शहराचे गाणे कसे? वर्ग लहान होता हे खरेच. रिक्षाचालकाची बाजू, म्हणजे इंधनाचा खर्च, परतीची रिकामी खेप, या श्रोत्यांच्या कानी क्वचितच पडते, हेही मान्य करायला हवे. तरीही मीटरचा तंटा वर्ग पाहत नाही. पुण्या-मुंबईच्या वाचकालाही तो समजावून सांगावा लागणार नाही. शिवाय शीर्षकात कन्नड (‘मेले’ म्हणजे ‘वर’) आणि इंग्रजी जशी शेजारी बसली आहेत, तशीच ती बंगळूरच्या रस्त्यावर बोलली जातात.

‘हे सुटे सिंगल नव्हेच, अल्बममधले गाणे आहे’ ही हरकत फार टिकत नाही. सिंगल ही पाश्चात्त्य बाजारात वेगळी विकली जाणारी छोटी तबकडी होती. भारतीय बँडांना तसा बाजार फारसा मिळाला नाही. या बँडने तर २००० सालच्या पहिल्या अल्बमला आपल्या संकेतस्थळाचा पत्ताच नाव म्हणून दिला होता. इंटरनेटवर श्रोता एकेक गाणे निवडून ऐकतो, आणि त्या अर्थाने ‘मीटर मेले’ सिंगलच ठरते. भारतीय रॉकच्या कोणत्याही कोशात त्याला स्वतंत्र नोंद मिळायला हवी.