शैक्षणिक संस्थांमधील वाय-फाय जाळे

शैक्षणिक संस्थांमधील वाय-फाय जाळे म्हणजे शाळा, महाविद्यालय अथवा विद्यापीठाच्या आवारात विद्यार्थी, शिक्षक व कर्मचारी यांना बिनतारी इंटरनेट पुरवणारी, एकत्रित नियंत्रणाखालील व्यवस्था होय. घरगुती वाय-फायपेक्षा ती मुख्यतः दोन बाबतींत वेगळी असते. एकाच खोलीत चाळीस-पन्नास उपकरणे एकाच वेळी जोडली जातात, आणि तासाची घंटा होताच ती सर्व दुसऱ्या खोलीकडे निघतात. महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विशेषतः मालवण किनारपट्टीवर, जांभ्याच्या भिंती, खारी हवा, मुसळधार पाऊस आणि वीजपुरवठ्यातील खंड यांचाही विचार अशा जाळ्याची आखणी व दुरुस्ती करताना करावा लागतो.

पार्श्वभूमी

बिनतारी संगणक जाळ्याचा उगमच एका विद्यापीठात झाला. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये बेटाबेटांवर विखुरलेले संगणक रेडिओलहरींनी जोडणारे 'अलोहानेट' सुरू केले. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९० च्या दशकात 'वायरलेस अँड्र्यू' या नावाने आवारभर बिनतारी जाळे उभारले. आयईईई ८०२.११ हे मानक १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि 'वाय-फाय' हे नाव १९९९ मध्ये रूढ झाले. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झ पट्टा २००५ मध्ये, तर ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला.

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यापासून वेगळा झाला. मालवणचे स. का. पाटील सिंधुदुर्ग महाविद्यालय, कुडाळचे संत राऊळ महाराज महाविद्यालय, सावंतवाडीचे श्री पंचम खेमराज महाविद्यालय इत्यादी संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाचे मुख्यालय सुमारे पाचशे किलोमीटर दूर असल्याने प्रवेश, परीक्षा अर्ज व निकाल यांचे व्यवहार इंटरनेटवर विसंबून असतात. विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांचे संगणकाधारित मूल्यांकन सुरू केले, तेव्हापासून हे अवलंबित्व अधिक वाढले. २०२० च्या टाळेबंदीत जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील विद्यार्थ्यांना मोबाइलची रेंज मिळवण्यासाठी उंचवट्यावर जाऊन तास ऐकावे लागले. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात विजेचे खांब व झाडे मोठ्या प्रमाणावर कोसळली आणि वीज व दूरसंचार या दोन्ही सेवा विस्कळीत झाल्या.

इमारत आणि लहरी

आखणीची सुरुवात प्रत्यक्ष पाहणीने होते. किनारपट्टीवरील जुन्या शाळा जांभ्याच्या चिऱ्यांच्या असतात. भिंत जाड, दगड सच्छिद्र आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवणारा. ओलाव्यामुळे लहरींचे शोषण वाढते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत केलेल्या मोजणीवर जुलैमध्ये विसंबता येत नाही. मंगलोरी कौलांतून लहरी बऱ्यापैकी पार होतात. पत्रा मात्र त्या परतवतो. झडीपासून बचाव म्हणून पावसाळ्यापुरते व्हरांड्याला पत्रे लावले, तर आधी नीट चालणारी एखादी खोली अचानक 'मुकी' होण्याचे कारण तेच असू शकते.

ॲक्सेस पॉइंट व्हरांड्यात बसवणे ही सर्वांत प्रचलित चूक आहे. केबल ओढणे सोपे जाते हे खरे, परंतु लांब, मोकळ्या व्हरांड्यात सर्व ॲक्सेस पॉइंटना एकमेकांचे संदेश स्पष्ट ऐकू येतात आणि वर्गातील विद्यार्थ्यांना मात्र भिंतीपलीकडून क्षीण संकेत मिळतो. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. त्यामुळे एकमेकांना ऐकणारी उपकरणे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याचा वेळ घटतो. ॲक्सेस पॉइंट वर्गाच्या आत, छताजवळ बसवणे आणि भिंतीचा उपयोग आडोसा म्हणून करणे हा योग्य मार्ग मानला जातो.

२.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात परस्परांवर न येणारे चॅनेल व्यवहारात तीनच आहेत: १, ६ आणि ११. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये चॅनेल पुष्कळ आहेत, पण मोकळ्या जागेत समान अंतरावर संकेत सुमारे ६ डेसिबलने अधिक घटतो आणि भिंतीतही तो लवकर दमतो. काही चॅनेलवर रडार आढळल्यास ॲक्सेस पॉइंटला चॅनेल सोडावा लागतो. गर्दीच्या वर्गात ५ गिगाहर्ट्‌झ आणि २० मेगाहर्ट्‌झ रुंदीचे चॅनेल वापरणे हितावह ठरते. रुंद चॅनेलमुळे जाहिरातीतील वेग वाढतो, वर्गातला वाढेलच असे नाही. प्रक्षेपणशक्ती कमाल ठेवणेही असेच फसवे असते. ॲक्सेस पॉइंटचा आवाज फोनपर्यंत पोहोचतो, पण फोनचा क्षीण आवाज परत येत नाही, आणि स्क्रीनवर चार रेघा दिसत असूनही पान उघडत नाही.

क्षमतेचा हिशेब साधा आहे. दीक्षा या शैक्षणिक मंचावरील चित्रफीत चाळीस मुलांनी एकाच वेळी, प्रत्येकी १.५ मेगाबिट प्रतिसेकंद दराने पाहिली, तर ६० मेगाबिटची जोडणी लागते. तीच चित्रफीत आदल्या दिवशी उतरवून प्रोजेक्टरवर दाखवली तर काहीच लागत नाही. लहान जिल्हा परिषद शाळांत दुसरा मार्ग अधिक व्यवहार्य असतो.

खाडीपलीकडचा दुवा

दोन इमारतींमध्ये केबल टाकणे शक्य नसल्यास दिशिक अँटेनांचा बिंदू-ते-बिंदू दुवा वापरतात. खाडीवरून जाणाऱ्या दुव्यात पाण्यावरून परावर्तित लहर मूळ लहरीत मिसळते आणि भरती-ओहोटीनुसार संकेत वर-खाली होतो. बिघाडाच्या वेळा रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असतील, तर संशय यंत्रावर न घेता भरतीच्या वेळापत्रकावर घ्यावा. २ किलोमीटरच्या दुव्यात ५.८ गिगाहर्ट्‌झला मध्यभागी दृष्टिरेषेभोवती सुमारे ५ मीटर त्रिज्येचा फ्रेनेल पट्टा असतो व त्याचा निदान ६० टक्के भाग मोकळा असावा लागतो. दृष्टिरेषा दिसते पण माडाची झावळी वाऱ्याने त्या पट्ट्यात येते, ही किनाऱ्यावरील नेहमीची अडचण आहे.

पाऊस, मीठ आणि वीज

या पट्ट्यांतील लहरी शाळेच्या आवाराएवढ्या अंतरात पावसाच्या थेंबांनी जवळजवळ घटत नाहीत. पावसाचा ठळक परिणाम १० गिगाहर्ट्‌झच्या वर जाणवतो. 'पाऊस पडला की नेट जाते' या तक्रारीमागे बहुधा जोडणीत शिरलेले पाणी, भिजलेली झाडे अथवा वीजपुरवठा असतो. खाऱ्या हवेत तांब्याच्या पिनांवर हिरवट थर चढतो. म्हणून बाहेरील जोडण्यांना जलरोधक आवरण असावे आणि केबलला आत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकते.

मान्सूनपूर्व आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट अधिक असतो. इमारतींदरम्यान तांब्याच्या केबलऐवजी फायबर टाकल्यास लाट एका इमारतीतून दुसरीत जात नाही. सुयोग्य अर्थिंग नसेल तर सर्ज संरक्षक निरुपयोगी ठरतो. केबलमधूनच वीज देणाऱ्या पीओई स्विचला एकच यूपीएस लावला की सर्व ॲक्सेस पॉइंट चालू राहतात. मात्र सेवापुरवठादाराच्या फायबर मोडेमलाही तोच आधार द्यावा लागतो, आणि नेमका तोच विसरला जातो.

दोषनिवारण

पहिला प्रश्न व्याप्तीचा असतो: अडचण एकाची, एका खोलीची की सर्वांची? एकाच फोनची असेल तर जुना पासवर्ड वा उपकरणातील दोष शोधावा. एका खोलीची असेल तर संकेत मोजावा. उणे ६७ डीबीएम किंवा त्याहून सशक्त संकेत व गोंगाटापेक्षा २५ डेसिबलचे अंतर ही समाधानकारक स्थिती मानतात. सर्वांची असेल तर बिनतारी भाग बाजूला ठेवून तारेने जोडलेल्या संगणकावर तपासावे. तेथेही इंटरनेट नसेल तर वाय-फायचा दोष नाही.

'जोडले आहे, पण इंटरनेट नाही' या तक्रारीचे एक कारण आयपी पत्ते संपणे हे आहे. नेहमीच्या एका उपजाळ्यात उपकरणांसाठी जास्तीत जास्त २५४ पत्ते असतात. ३०० विद्यार्थी व दिवसभराची मुदत असे गणित असल्यास दुपारी आलेल्यांना पत्ता मिळत नाही. नवे फोन गोपनीयतेसाठी बदलता मॅक पत्ता वापरतात, त्यामुळे एकच फोन वेगवेगळ्या नावांनी पत्ते अडवू शकतो. मुदत एक-दोन तासांवर आणणे व उपजाळे मोठे करणे हा उपाय आहे. फोनला भलत्याच मालिकेतील पत्ता मिळत असेल, तर कोणीतरी घरचा राउटर आणून भिंतीतील जोडणीत लावला आहे का ते पाहावे. केबलची दोन्ही टोके एकाच स्विचमध्ये गेल्यास संपूर्ण जाळे गुदमरते. असे प्रकार उन्हाळी सुट्टीत रंगकाम झाल्यानंतर हमखास आढळतात.

वीज जाऊन आल्यावर सर्वांचा प्रवेश नाकारला जात असेल तर प्रमाणीकरण सर्व्हरचे घड्याळ तपासावे. आतील बॅटरी संपलेली असल्यास तारीख मागे जाते आणि प्रमाणपत्रे अवैध ठरतात.

प्रवेश आणि नोंदी

सर्वांसाठी एकच पासवर्ड ठेवल्यास तो काही दिवसांत आवाराबाहेर पोहोचतो. ८०२.१एक्स पद्धतीत प्रत्येकाला स्वतंत्र ओळख मिळते. याच पद्धतीवर आधारित 'एडुरोम' सेवेमुळे एका संस्थेचा विद्यार्थी दुसऱ्या सहभागी संस्थेतही आपल्याच खात्याने जोडला जातो. भारतात तिचे संचालन अर्नेट करते. कार्यालयीन संगणक व परीक्षेचे काम विद्यार्थ्यांच्या जाळ्यापासून वेगळे ठेवणे आवश्यक आहे. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये १८ वर्षांखालील व्यक्तींच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे. शाळेतील जवळजवळ प्रत्येक वापरकर्ता या वयोगटात मोडतो.