भाड्याच्या घराचा खरा परतावा : मुंबईच्या चाळीचा हिशेब

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. इथे अमेरिकेत स्थिरावलेल्या मंडळींनी त्याला ‘मग द्यावे भाड्याने’ अशी पुस्ती जोडलेली दिसते. कोणी इथे दुसरे घर घेऊन भाड्याने दिले आहे, तर कोणाचा मुंबईतल्या वडिलोपार्जित चाळीत भावंडांबरोबर हिस्सा आहे. दोन्हीकडे प्रश्न एकच : या मालमत्तेतून खरोखर सुटते किती? हे उत्तर अपुरे काढले तर काय होते, ते पाहायला मुंबईच्या चाळींइतके बोलके उदाहरण नाही. म्हणून आम्ही तोच हिशेब इथे मांडत आहोत.

मालमत्तेचा परतावा मोजण्याची जुनी रीत वर्षांची होती. किती वर्षांच्या उत्पन्नाएवढी किंमत, असे विचारीत. ॲडम स्मिथने १७७६ साली ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये नोंदवले आहे, की इंग्लंडात जमीन साधारण तीस वर्षांच्या खंडाला विकली जाते, फ्रान्समध्ये वीस वर्षांच्या. वीस वर्षे म्हणजे पाच टक्के, तीस वर्षे म्हणजे सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. रीत सोपी, पण ती जमिनीची. जमीन झिजत नाही, घर झिजते. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्याने ही झीज अंशतः ओळखली होती. कर ठरवताना वार्षिक भाड्यातून दहा टक्के रक्कम दुरुस्ती वगैरेसाठी वजा करावी, असे त्यात कलमच आहे.

गिरण्या वाढल्या तशी कोकणातून आणि घाटावरून माणसे मुंबईत आली. १८९६ साली प्लेग आला आणि दाटीवाटीच्या वस्तीचे भयंकर रूप सर्वांना दिसले. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० नंतर सरकारच्या बी.डी.डी. खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. पण गिरगाव, परळ, लालबागच्या बहुतेक चाळी खाजगी मालकांनी भाड्याच्या उत्पन्नासाठी बांधल्या होत्या.

हिशेबासाठी एक काल्पनिक चाळ घेऊ. साल १९४०, खर्च ५०,००० रुपये, खोल्या ४०, प्रत्येकीचे भाडे महिना १० रुपये. वर्षाचे भाडे ४,८०० रुपये, म्हणजे ९.६ टक्के. हा झाला ढोबळ परतावा, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. यातून दुरुस्तीचे दहा टक्के, म्हणजे ४८० रुपये काढा. पालिकेचा कर, झाडूवाला आणि रिकाम्या खोल्या यांचे मिळून १,३२० रुपये धरा. उरले ३,००० रुपये, म्हणजे सहा टक्के. आता इमारतीचे आयुष्य पन्नास वर्षे धरून दरवर्षी १,००० रुपये घसाऱ्याचे बाजूला टाका. उरले २,००० रुपये, म्हणजे चार टक्के. चाळ तीच, भाडे तेच, पण परतावे तीन. त्यातला शेवटचा खरा, कारण तो घेतल्यावरही पन्नास वर्षांनी पुन्हा बांधायला मूळ खर्चाएवढी रक्कम हाती असते. महागाई आली तर तीही अपुरी पडते आणि भाड्याबरोबर घसाराही वाढवावा लागतो.

इथेच इतिहासाने वळण घेतले. पहिल्या महायुद्धात घरे अपुरी पडली, म्हणून मुंबईत १९१८ साली भाडेनियंत्रण आले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर आणि फाळणीनंतर टंचाई आणखी तीव्र झाली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांचे प्रमाणभाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकले. त्या वेळी हे आवश्यकच होते. नाहीतर शेकडो कुटुंबे रस्त्यावर आली असती. पण तात्पुरत्या म्हणून केलेल्या या कायद्याला मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली आणि प्रमाणभाडे तिथेच राहिले.

आमची चाळ १९९० साली पाहू. करवाढ भाडेकरूंवर टाकायची मुभा होती, पण मूळ भाडे ४,८०० रुपयेच. समजा, छप्पर आणि जिने दुरुस्तीला दोन लाख रुपये लागणार आहेत. म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षांचे सगळे भाडे! मालकाने आजोबांच्या ५०,००० ने भागले तर परतावा अजूनही ९.६ टक्के दिसतो. पण भाडेकरूंसकट चाळीला दहा लाख येत असतील, तर तोच परतावा अर्धा टक्काही भरत नाही.

आम्हा रसायनशास्त्रवाल्यांना एक सवय असते. भांड्यात घातलेले आणि बाहेर आलेले वजन जुळले नाही, तर फरक कुठे गेला ते शोधायचे. मालकाच्या हिशेबातून नाहीसा झालेला पैसाही हवेत विरला नव्हता. त्यातला काही भाडेकरूंकडे गेला. दहा रुपयांच्या खोलीतून मुलांच्या फिया भरल्या गेल्या, गावी मनिऑर्डरी गेल्या. आपल्यापैकी कित्येकांचे शिक्षण अशाच खोलीतल्या दिव्याखाली झाले आहे. काही भाग पागडीच्या रूपाने हातोहात फिरला. कायद्याने गुन्हा असल्यामुळे तो कोणाच्याच वहीत आला नाही. उरलेला भाग मात्र खुद्द इमारतीतून गेला. न टाकलेला घसारा तिने आपल्या तुळयांतून आणि भिंतींतून भरला.

पडझड इतकी वाढली की १९६९ साली दुरुस्ती मंडळासाठी वेगळा कायदा करावा लागला आणि जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला. अशा उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेले प्रमाणभाडे आता अवाजवी ठरल्याचे सांगितले. तरी कायद्याची मुदत लवकरच संपत असल्याने तो रद्द केला नाही. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने पागडीला मान्यता दिली आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. दहा रुपयांवर चार टक्के म्हणजे चाळीस पैसे!

मालक लबाड की भाडेकरू, हा वाद आपल्या घराघरांत झाला आहे. आम्हाला वाटते, दोघेही आपापल्या आकड्यापुरते खरे होते. झिजणाऱ्या इमारतीचा आकडा मात्र कोणीच मांडला नाही.

इथल्या भाड्याच्या घराला हाच धडा लावावा. भाड्यातून कर, विमा, दुरुस्ती आणि रिकामे महिने वजा करा. अमेरिकेचा करकायदा भाड्याच्या राहत्या इमारतीचा घसारा साडेसत्तावीस वर्षांत मोजतो, जमीन वगळून. तो केवळ कर वाचवायचा आकडा समजू नका, तेवढी रक्कम खरोखर बाजूला ठेवा. उरलेल्याला खरेदीच्या नव्हे, आजच्या किमतीने भागा. वाढलेली किंमत वेगळ्या रकान्यात लिहा, कारण घर विकेपर्यंत तिच्यातून नळही दुरुस्त होत नाही.

आणि मुंबईच्या चाळीतला हिस्सा ठेवायचा की सोडायचा, हे भावंडांशी बोलाल तेव्हा आधी एवढेच विचारा : गेल्या पन्नास वर्षांचा घसारा कोणी भरला?