विद्यार्थ्याला दार सापडते का? विद्यापीठाच्या ट्युटरिंग सेंटरसाठी संकेतस्थळाचा आराखडा आणि चाचणी

सत्र सुरू होऊन सहा आठवडे झालेले असतात. पहिल्या चाचणीत गणिताने दगा दिलेला असतो आणि दुसरी चाचणी चार दिवसांवर आलेली असते. वर्गात शंका विचारण्याचा धीर होत नाही आणि प्राध्यापकांच्या दालनात जायचा संकोच वाटतो. अशा वेळी रात्री अकरा वाजता वसतिगृहाच्या खोलीत बसून एखादी विद्यार्थिनी मोबाइलवर आपल्या विद्यापीठाच्या ट्युटरिंग सेंटरचे संकेतस्थळ उघडते. तिला तीनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. माझ्या विषयाला मदत मिळते का? ती कोठे आणि केव्हा मिळते? त्यासाठी मी आत्ता काय करायचे? पडद्यावर मात्र येते ते संचालकांचे मनोगत, केंद्राची उद्दिष्टे आणि जुन्या समारंभाचे छायाचित्र. दोन-तीन दुवे चाळून ती मोबाइल बाजूला ठेवते. केंद्रात शिकवणारे असतात, वेळही मोकळी असते; तरीही त्यांची आणि तिची भेट होत नाही.

अशी भेट घडवून आणणे हेच या संकेतस्थळाचे काम होय. ते नीट होते की नाही, हे संकेतस्थळ बांधणाऱ्याला आपल्या खुर्चीत बसून कळत नाही. विद्यार्थ्याला ते वापरताना पाहावे लागते. या पाहण्याची एक रीतसर पद्धत आहे आणि ती फारशी खर्चिकही नाही.

केंद्र नेमके कशाचे?

‘शिकवणी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खासगी क्लास येतो. अमेरिकी विद्यापीठांतील ट्युटरिंग सेंटर त्याहून वेगळे असते. ते विद्यापीठाचेच असते आणि बहुधा विद्यार्थ्यांकडून त्यासाठी वेगळे शुल्क घेतले जात नाही. शिकवणारे पुष्कळदा त्याच विद्यापीठातील वरच्या वर्गाचे, थोडे प्रशिक्षण घेतलेले विद्यार्थी असतात. काही विषयांसाठी आधी वेळ ठरवावी लागते, तर काहींसाठी ठरलेल्या तासांत थेट जाऊन बसता येते. शिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना ही सोय पहिल्याच सत्रात उपयोगी पडू शकते. मात्र ती आहे हे त्यांना वेळेवर कळायला हवे.

येथे शब्दांना महत्त्व येते. मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील संकुलात १९७३ मध्ये डियाना मार्टिन यांनी ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ ही पद्धत सुरू केली. तिचा रोख ‘कच्च्या’ विद्यार्थ्यांवर नव्हता, तर अवघड विषयांवर होता. विषय अवघड आहे म्हणून त्याला जोड-शिकवणी, असे म्हटले की तेथे जाण्यात कमीपणा उरत नाही. आपल्याकडे रूढ असलेल्या ‘उपचारात्मक अध्यापन’ या संज्ञेत मात्र विद्यार्थी नकळत रोगी ठरतो. संकेतस्थळाच्या पहिल्या पानावरील वाक्य लिहिताना हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

आराखडा : कार्यालयाची रचना नव्हे

अशा संकेतस्थळांचा नेहमीचा दोष म्हणजे त्यांची मांडणी कार्यालयाच्या रचनेप्रमाणे होते. गणित विभाग, लेखन विभाग, शैक्षणिक यश विभाग, समुपदेशन अशी वाटणी कर्मचाऱ्यांना सोयीची असते. विद्यार्थी मात्र आपल्या वेळापत्रकावर छापलेला विषयाचा क्रमांक आणि नाव डोक्यात घेऊन येतो. संख्याशास्त्राची मदत गणित विभागात शोधावी की मानसशास्त्राच्या, हे त्याला ठाऊक नसते आणि ते ठाऊक असण्याची अपेक्षाही बाळगू नये.

विद्यार्थी माहितीची वाटणी कशी करतात, हे पाहण्याचा सोपा मार्ग म्हणजे पत्ते लावण्याची चाचणी. केंद्राकडील माहितीचा एकेक विषय एकेका कागदी पत्त्यावर लिहायचा. ‘वेळ रद्द करणे’, ‘आज कोण उपलब्ध आहे’, ‘ऑनलाइन भेट’, ‘ट्युटर म्हणून अर्ज’ असे तीस-चाळीस पत्ते पुरतात. विद्यार्थ्याने ते आपल्या समजुतीप्रमाणे गठ्ठ्यांत लावायचे आणि प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्यायचे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००४ मध्ये या चाचणीसाठी पंधरा जण घेण्याची शिफारस केली होती. विद्यार्थी गठ्ठ्यांना जी नावे देतात, तीच पुष्कळदा विभागांच्या मथळ्यांसाठी योग्य ठरतात.

यानंतरची पायरी कागदी आराखड्याची. संगणकावर एक ओळही लिहिण्याआधी प्रत्येक पान पेन्सिलीने कागदावर काढायचे. विद्यार्थ्याने बोटाने ‘क्लिक’ करायचे आणि समोरच्या माणसाने पुढचा कागद ठेवायचा. कागद खोडताना कोणाला वाईट वाटत नाही. तयार झालेले संकेतस्थळ मोडताना मात्र पैसा, वेळ आणि मान तिन्ही आड येतात.

पर्ड्यूचे उदाहरण

अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात म्यूरियल हॅरिस यांनी १९७६ मध्ये लेखन प्रयोगशाळा सुरू केली. लेखनात अडलेल्या विद्यार्थ्याला एकट्याने बसवून मदत करणारे हे केंद्र होते. १९९४ मध्ये त्याची ऑनलाइन शाखा सुरू झाली. ‘आउल’ या नावाने ती पुढे पर्ड्यूबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही परिचित झाली. केंद्रात हाती दिल्या जाणाऱ्या माहितीपत्रकांचा साठा महाजालावर आला, तो वाढत गेला आणि त्याबरोबर हवे ते सापडण्याची अडचणही वाढली.

या संकेतस्थळाच्या वापरसुलभतेची चाचणी २००६ मध्ये पद्धतशीरपणे हाती घेण्यात आली. वापरणाऱ्यांना कामे देऊन, त्यांची वाट कोठे चुकते हे पाहून नव्या मांडणीचा विचार झाला. यातून घेण्यासारखा धडा असा, की उत्तम मजकूर आणि चांगला लौकिक असूनही संकेतस्थळाला ही परीक्षा द्यावी लागते. मजकूर जितका अधिक, तितकी ती आवश्यक ठरते.

चाचणी कशी घ्यावी?

‘संकेतस्थळ आवडले का?’ असे विचारणे म्हणजे चाचणी नव्हे. समोर बसलेला विद्यार्थी संकोचाने ‘हो’ म्हणतो. त्याला काम द्यावे आणि गप्प बसून पाहावे. काम सांगताना पानावरचे शब्द वापरू नयेत. ‘वेळ-नोंदणीच्या दुव्यावर जा’ असे सांगितले तर उत्तर आधीच हाती दिल्यासारखे होते. कामे पुढीलप्रमाणे असावीत :

* गुरुवारी तुमची संख्याशास्त्राची परीक्षा आहे. त्याआधी कोणाकडून तरी शिकून घ्यायचे आहे. काय कराल?
* तुम्ही उद्या दुपारी तीनची वेळ घेतली होती, पण आता येता येणार नाही. काय कराल?
* तुम्ही नोकरी करता आणि रात्री आठनंतरच मोकळे असता. तुमच्यासाठी काही सोय आहे का, ते शोधा.
* या मदतीचे पैसे पडतात का, ते सांगा.

काम करताना मनात येईल ते मोठ्याने बोलण्याची विनंती करावी. क्लेटन लुइस यांनी आयबीएममध्ये असताना १९८२ मध्ये ही पद्धत संगणक प्रणालींच्या चाचणीसाठी मांडली. ‘हे बहुधा येथे असेल... नाही वाटते... हा शब्द कळला नाही’ अशा बोलण्यातून आराखड्याचे दोष उघड होतात. विद्यार्थ्याने मदत मागितली तर ‘तुम्ही एकटेच असता तर काय केले असते?’ एवढेच विचारावे.

सुरुवातीलाच एक वाक्य सांगणे अत्यावश्यक आहे : परीक्षा संकेतस्थळाची आहे, तुमची नाही. वाट चुकली की माणूस स्वतःलाच दोष देतो. काही वर्षांपूर्वी मराठी संकेतस्थळ उघडल्यावर अक्षरांऐवजी चौकोन दिसत, तेव्हा फॉंटचा दोष असूनही ‘आपल्यालाच संगणक येत नाही’ असे अनेकांना वाटे. अभ्यासात आधीच मागे पडल्याची भावना असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही गोष्ट अधिक गंभीर आहे. न सापडलेले एक बटणही ‘हे आपल्यासाठी नाही’ या समजुतीला बळ देते.

किती जण पुरेत?

नील्सन आणि टॉम लँडॉर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या गणिताप्रमाणे एका सहभागी व्यक्तीच्या चाचणीतून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होतात. त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे ८५ टक्के अडचणी सापडतात. यावरून ‘पाच जण पुरेत’ हा नियम रूढ झाला. त्याला आक्षेपही आहेत. जेरेड स्पूल आणि विल श्रोडर यांना २००१ मध्ये मोठ्या विक्री-संकेतस्थळांच्या अभ्यासात पहिल्या पाच जणांकडून जेमतेम ३५ टक्के अडचणी सापडल्या होत्या.

ट्युटरिंग सेंटरपुरता मध्यममार्ग असा, की पंधरा जणांची एकच मोठी चाचणी घेण्याऐवजी पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या कराव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर दोष दुरुस्त करावेत. निवडही विचारपूर्वक करावी. प्रथम वर्षाचा विद्यार्थी, परदेशातून आलेला विद्यार्थी, नोकरी सांभाळून शिकणारा प्रौढ विद्यार्थी आणि केंद्रात कधीही न आलेला विद्यार्थी यांना घ्यावे. नेहमी येणारे विद्यार्थी सहज मिळतात, पण त्यांना वाट आधीच पाठ असते. वेळापत्रक भरणाऱ्या ट्युटरांची आणि केंद्राच्या कर्मचाऱ्यांची चाचणी मात्र स्वतंत्र घ्यावी.

आकड्यांत मोजायचे झाल्यास जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली दहा विधानांची प्रश्नावली सोयीची आहे. प्रत्येक विधानाला एक ते पाच गुण द्यायचे असतात. विषम क्रमांकाच्या विधानांच्या गुणांतून एक वजा करायचा, सम क्रमांकाच्या विधानांचे गुण पाचातून वजा करायचे आणि बेरजेला अडीचने गुणायचे. शंभरपैकी सुमारे ६८ ही सरासरी मानली जाते. मात्र हे टक्के नव्हेत, आणि संकेतस्थळ कोठे अडते हे या आकड्यावरून कळत नाही.

सर्वांसाठी दार

दृष्टिहीन विद्यार्थी पडदा-वाचक प्रणालीच्या साहाय्याने, तर हाताची हालचाल मर्यादित असलेले विद्यार्थी केवळ कळफलकावर संकेतस्थळ वापरतात. म्हणून माउस बाजूला ठेवून वेळ-नोंदणी पूर्ण करून पाहावी. आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांनुसार साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांतील रंगभेद किमान ४.५ : १ हवा. अमेरिकी न्याय विभागाने एप्रिल २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नियमात सार्वजनिक विद्यापीठांच्या संकेतस्थळांसाठी याच निकषांची २.१ ही आवृत्ती प्रमाण मानली आहे.

गोपनीयतेचा प्रश्नही आहे. कोणता विद्यार्थी कोणत्या विषयासाठी आला, ही नोंद इतरांना दिसता कामा नये. अमेरिकेत शैक्षणिक नोंदींना १९७४ च्या संघीय कायद्याचे संरक्षण आहे. चाचणीतील निष्कर्ष संशोधन म्हणून प्रसिद्ध करायचे असतील, तर विद्यापीठाच्या परीक्षण मंडळाशी आधीच बोलून घ्यावे.

वेळ-नोंदणी ही बरेचदा बाहेरून घेतलेल्या प्रणालीवर चालते. तेथे वेगळे पान आणि कधी वेगळा पासवर्डही असतो. ‘ते आमच्या हातात नाही’ म्हणून चाचणी अलीकडेच थांबवणे चूक आहे, कारण विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो एकच प्रवास असतो.

नंतरची निगा

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी सत्र ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. तेव्हा नवे संकेतस्थळ त्याआधी तयार हवे. ऑक्टोबरच्या परीक्षांत बदल करणे टाळावे. प्रत्येक सत्रात शिकवणारे बदलतात आणि वेळा बदलतात, त्यामुळे माहिती ताजी ठेवण्याची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावे असावी. बंद खोलीबाहेर उभा राहिलेला विद्यार्थी दुसऱ्यांदा येईलच असे नाही. स्टीव्ह क्रूग यांनी २०१० मधील आपल्या पुस्तकात महिन्यातून एक सकाळ आणि तीन सहभागी एवढ्यावर चाचणी चालू ठेवण्याचा सल्ला दिला आहे. एक खोली, एक संगणक, विद्यार्थ्याचा स्वतःचा मोबाइल आणि शेजारी शांतपणे टिपणे घेणारा माणूस, इतकी सामग्री कोणत्याही विद्यापीठाला, आपल्याकडील महाविद्यालयांनाही, परवडेल.

संकेतस्थळाला भेट देणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून ते यशस्वी झाले असे समजू नये. रात्री अकरा वाजता ते उघडणारी विद्यार्थिनी दुसऱ्या दिवशी दुपारी ट्युटरसमोर वही उघडून बसली का, हे पाहावे.