आर्सच्या धर्मगुरूंचे लॅटिन

दहावीचा निकाल लागला की आठवडाभर धर्मग्रामातील आईबाप गुणपत्रिका घेऊन आमच्याकडे येतात. कुणी पेढे आणतो, कुणी मुलाला बाहेर व्हरांड्यातच बसवून हलक्या आवाजात विचारतो, “फादर, याचे पुढे काही होईल का?” अशा वेळी आम्हांला फ्रान्समधील लियों शहराजवळचे एक्युली हे गाव आठवते.

इ. स. १८०६ च्या सुमारास तेथील धर्मगुरू फादर बाले काही मुलांना लॅटिन शिकवीत असत. त्यांत मातियास लोरास हा जेमतेम चौदा वर्षांचा तल्लख मुलगा होता आणि वीस वर्षांचा शेतकरीपुत्र योहान मारी व्हियानी होता. काल घोकलेले शब्द व्हियानीला आज आठवत नसत. समजावून सांगता सांगता एकदा लोरासचा संयम सुटला व त्याने हात उगारला. वयाने मोठ्या असलेल्या व्हियानीने गुडघे टेकून त्याचीच क्षमा मागितली.

व्हियानी मंदबुद्धी होता, असे सरसकट सांगितले जाते. आम्हांला ते पटत नाही. त्याचा जन्म १७८६ चा. फ्रेंच राज्यक्रांती झाली तेव्हा तो तीन वर्षांचा होता. चर्चे बंद पडली, धर्मगुरू लपूनछपून वावरू लागले, शाळांची घडी विस्कटली. त्याचे पहिले ख्रिस्तशरीर सेवनही १७९९ मध्ये गुप्तपणेच झाले. मेंढरे आणि शेत यांतच त्याचे बालपण सरले. लोरास ज्या वयात लॅटिनची रूपे चालवीत होता, त्या वयात व्हियानीच्या हातात कुदळ होती. पुढे १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्यभरतीचा हुकूम आला आणि वर्षभराहून अधिक काळ तो डोंगराळ खेड्यात लपून राहिला. पुस्तक पुन्हा मिटले.

१८१२ मध्ये तो व्हेरियेरच्या लहान सेमिनरीत गेला. लॅटिन कच्चे असलेल्यांना तेथे तत्त्वज्ञान फ्रेंचमधून शिकवीत. मार्सेलिन शांपान्या हाही तेथेच शिकत होता. याची कहाणी निराळी. बालपणी शाळेच्या पहिल्याच दिवशी गुरुजींनी दुसऱ्या एका मुलाला थोबाडीत मारलेले पाहून तो पुन्हा शाळेची पायरी चढलाच नाही. सोळाव्या वर्षी सेमिनरीत आला, तर पहिल्या वर्षअखेरीस ‘तू घरीच जा’ असा सल्ला मिळाला. तो परतून आला, टिकला. १८१७ मध्ये त्याने खेड्यांतील मुलांना शिकविण्यासाठी मारिस्ट ब्रदर्सची स्थापना केली. १९९९ मध्ये तो संत घोषित झाला.

लियोंच्या मोठ्या सेमिनरीत मात्र व्हियानीची डाळ शिजली नाही. लॅटिनमधील प्रश्नच त्याला कळेनात. काही महिन्यांत त्याला घरी पाठविण्यात आले. (आमच्या वेळी सेमिनरीत लॅटिन नावापुरतेच उरले होते, हे आमचे भाग्य!) फादर बाले हटले नाहीत. त्यांनी त्याला पुन्हा शिकविले, वरिष्ठांकडे रदबदली केली, फ्रेंचमधून परीक्षा घ्यावयास लावली. १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोबल येथे वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी त्याला गुरुदीक्षा मिळाली.

लोरास मागे पडला असेही नाही. १८३७ मध्ये तो अमेरिकेतील डब्युक धर्मप्रांताचा पहिला बिशप झाला. व्हियानींचे लॅटिन कधीच सुधारले नाही. पण १८१८ मध्ये ते आर्स या दोनअडीचशे वस्तीच्या गावी गेले आणि पुढे त्यांच्याकडे पापनिवेदनासाठी दूरदूरहून हजारोंची रीघ लागली. ते दिवसाचे बारा, कधी सोळा तास पापनिवेदन ऐकत. १९२५ मध्ये त्यांना संतपद मिळाले. १९२९ मध्ये ते आम्हां धर्मग्रामांतील धर्मगुरूंचे आश्रयदाते संत झाले.

गुरुदीक्षेनंतर प्रथम काही काळ त्यांना पापनिवेदन ऐकण्याची परवानगीच नव्हती. ती आली तेव्हा त्यांच्यापुढे गुडघे टेकणारे पहिले गृहस्थ होते त्यांचे वृद्ध शिक्षक, फादर बाले.