घरच्या टेनिस कोर्टाचा हिशेब : खळे, मुरूम आणि अक्षयनीवी

१/ स्वतःच्या घरी टेनिस कोर्ट बांधायला किती खर्च येतो? आज या प्रश्नाचे उत्तर रुपयांत दिले जाते. इतिहासात ते कधी भिंतींत मोजले गेले, कधी हिरवळीत, तर कधी माणसांच्या श्रमांत. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या मातीवर हा हिशेब मांडला की त्याची एक विसरलेली बाजू समोर येते. हा थ्रेड त्या बाजूविषयी.

२/ टेनिसचा पूर्वज युरोपातील राजवाड्यांत खेळला जाई. त्याला उंच भिंती, छप्पर आणि फरसबंदी लागे. कोर्ट म्हणजे एक स्वतंत्र इमारतच असल्याने खर्च मोठा असे. २० जून १७८९ रोजी व्हर्सायच्या सभागृहाचे दार बंद दिसल्यावर फ्रान्सच्या लोकप्रतिनिधींनी जिथे शपथ घेतली, ती वास्तू अशाच टेनिस कोर्टाची होती. शेकडो माणसे मावतील एवढी ती मोठी होती.

३/ एकोणिसाव्या शतकातील दोन शोधांनी हा खर्च पालटला. १८३० मध्ये एडविन बडिंगने गवत कापण्याचे यंत्र काढले. १८४४ मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर टिकाऊ करण्याच्या प्रक्रियेचे अमेरिकी पेटंट मिळाले. परिणामी हिरवळ गालिच्यासारखी सपाट झाली आणि तिच्यावर उसळणारा चेंडूही मिळाला.

४/ १८७४ मध्ये मेजर वॉल्टर विंगफिल्ड याने जाळे, रॅकेटी आणि चेंडू एका पेटीत भरून विकायला काढले. किंमत ५ गिनी. भिंती आणि छप्पर गेले, खेळ पेटीत आला. मात्र या स्वस्ताईत एक गृहीत दडलेले होते. गिऱ्हाइकाकडे हिरवळ आणि ती राखणारा माळी आधीपासूनच आहे, असे त्यात धरलेले होते. पेटीची किंमत छापील होती, जमिनीची कोठेच लिहिलेली नव्हती.

५/ इंग्रजांबरोबर हा खेळ हिंदुस्थानात आला. मुंबईत १८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना स्थापन झाला, पण त्याचे सभासदत्व युरोपियनांपुरते होते. पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना उभा राहिला. ज्यांच्यासाठी क्लबांची दारे बंद होती, त्यांना आपली मैदाने आपणच उभारावी लागली. त्या काळी आपले कोर्ट असणे ही नुसती चैन नव्हती, कोणाच्या परवानगीवाचून खेळता येण्याची ती सोय होती.

६/ त्याच पिढ्यांत मराठी घरांतील मुलीही रॅकेट हाती घेऊ लागल्या. विद्वान शंकर पांडुरंग पंडित यांची कन्या क्षमा राव संस्कृत लेखिका म्हणून ख्यातनाम झाल्या. त्या टेनिसही खेळत. त्यांची कन्या लीला राव १९३४ मध्ये विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली.

७/ दख्खनच्या पठारावर विलायती हिरवळ राखणे मात्र कठीण होते. येथे चार महिने पाऊस आणि आठ महिने कोरड. साहेबांच्या बंगल्यांत आणि संस्थानिकांच्या वाड्यांत हिरवळ टिकली ती माळी, पखालीने पाणी घालणारा भिस्ती आणि रूळ ओढणारे गडी यांच्या बळावर. त्यांची मजुरी इतकी अल्प असे की खर्च सांगताना ती कोणाच्या लक्षातही येत नसे.

८/ यावर देशी तोडगा निघाला तो मातीच्या कोर्टाचा. भारतातील अनेक जुन्या कोर्टांवर मातीच्या थराला शेणकाल्याचा हात दिला जाई. त्याने धूळ बसे, भेगा कमी पडत आणि चेंडूला नीट उसळी मिळे. साहेबाला हे नवल वाटले असेल. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला त्यात नवे काही नव्हते, कारण तो दरवर्षी खळे करीत असे.

९/ खळे म्हणजे मळणीची जागा. सुगीच्या तोंडावर ती सपाट करायची, मुरमाड माती पसरायची, पाणी शिंपून ओल मुरू द्यायची, मग बैल फिरवून आणि चोपण्याने बडवून ती घट्ट करायची. शेवटी घरच्या स्त्रिया शेणाने सारवून घेत. मधोमध तिवडा रोवला जाई आणि त्याभोवती बैलांची पात फिरे. खळ्यात पायताण घालून जात नसत. दाण्यात माती येऊ नये, हा या साऱ्या खटाटोपाचा हेतू.

१०/ माती, ओल, दाब आणि सारवण ही खळ्याची चार अंगे. मातीच्या कोर्टाचीही तीच. कोर्टावर बैलांच्या जागी रूळ आला आणि वर चुन्याच्या रेषा आल्या, एवढाच फरक. खळे सुगीपुरते असे आणि पुढच्या वर्षी पुन्हा करावे लागे. त्यामुळे शेतकरी निगेला बांधणीपासून वेगळे काढत नसे. निगा म्हणजेच दरवर्षीची बांधणी, हा त्याचा हिशेब होता.

११/ आता या दोन तालुक्यांत कोर्ट बांधायचे, तर पहिला खर्च जागेचा. खेळाची चौकट ७८ फूट लांब आणि ३६ फूट रुंद असते. भोवतीची धावण्याची जागा धरून १२० गुणिले ६० फूट, म्हणजे ७,२०० चौरस फूट लागतात. १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हा हे क्षेत्र साधारण ६.६ गुंठे भरते. ४० गुंठ्यांच्या एकराचा हा जवळजवळ सहावा हिस्सा. वाटण्या होत होत ज्यांच्या सातबाऱ्यावर काही गुंठेच उरले आहेत, त्यांच्यासाठी हा आकडा लहान नाही. शेतजमीन असेल तर बिगरशेती वापराचा प्रश्नही उभा राहतो.

१२/ दुसरा खर्च जमिनीखालचा. या तालुक्यांच्या पूर्व भागातील काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि भेगाळते. तिच्यावर थेट कोर्ट केले तर वरचा थर तडकतो. म्हणून ती काढून मुरूम भरावा लागतो. २ फूट खोल खोदले तर १४,४०० घनफूट, म्हणजे १४४ ब्रास माती निघते आणि दाबून तेवढाच भराव घालावा लागतो. मुरूम हे गौण खनिज असल्याने त्यावर शासनाचे स्वामित्वधन पडते. निघालेली काळी माती मात्र टाकाऊ नव्हे, हलक्या रानात पसरली तर तेथे पीक सुधारते.

१३/ पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी, मुरूम वरच लागतो. तेथे अडचण पावसाची. ७,२०० चौरस फुटांवर १ इंच पाऊस पडला की सुमारे १७ हजार लिटर पाणी जमा होते. ते वाहून जावे म्हणून कोर्टाला एका बाजूस दर १० फुटांमागे १ इंच असा उतार देतात. ६० फुटांच्या रुंदीत हा फरक ६ इंचांचा होतो. खेळणाऱ्याला तो जाणवत नाही, पाण्याला जाणवतो. चर खोदून हे पाणी शेततळ्यात वळवता आले, तर कोर्ट काही अंशी आपले पाणी आपणच जमवते.

१४/ तिसरा खर्च डोळ्यांना दिसणारा : डांबर वा काँक्रीटचा थर, त्यावर ॲक्रिलिक रंगलेप, जाळ्याचे खांब, ३६० फूट परिघाचे कुंपण, दिवे. ठेकेदाराच्या दरपत्रकात मुख्यतः हाच भाग असतो आणि तो कित्येक लाखांत जातो. त्यात एक रकाना बहुधा नसतो, तो निगेचा. मातीच्या कोर्टावर अवघा २ मिलिमीटर पाण्याचा हात द्यायचा तरी सुमारे १,३०० लिटर लागतात. ॲक्रिलिकला रोज पाणी नको, पण काही वर्षांनी लेप पुन्हा द्यावा लागतो.

१५/ निगेच्या खर्चाचा विचार या परिसराला नवा नाही. जुन्नरच्या लेण्यांतील एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. इतर लेखांत शेतजमिनींची दाने आहेत, तशाच बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीही. लेणे एकदा खोदून संपते, तेथील माणसांचा योगक्षेम संपत नाही, हे दात्यांना ठाऊक होते.

१६/ या व्यवहाराचे अंकगणित नाशिकच्या लेण्यांत स्पष्ट दिसते. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने, लेखातील ४२ व्या वर्षी, २,००० कार्षापण विणकरांच्या श्रेणीत दरमहा शेकडा १ व्याजाने ठेवले. वर्षाचे व्याज २४०. त्यातून २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणांचे वस्त्र. मुद्दल परत मागायचे नाही, व्याजच वापरायचे. यालाच अक्षयनीवी म्हणत. याच नहपानाच्या अयम नावाच्या अमात्याचा ४६ व्या वर्षाचा दानलेख जुन्नरला मानमोडीच्या लेण्यांत आहे.

१७/ हीच रीत कोर्टाला लावून पाहावी. पाणी, रूळ, जाळे, राखणदार आणि पुढच्या लेपाची तजवीज मिळून महिना १० हजार रुपये धरले, तर वर्षाचे १ लाख २० हजार होतात. ६ टक्के व्याजाने एवढी रक्कम कायम मिळवायची, तर २० लाख रुपयांचे मुद्दल बाजूला ठेवावे लागेल. बांधणीच्या खर्चाशी बरोबरी करणारा हा आकडा दरपत्रकात कधी दिसत नाही.

१८/ पाण्याची किंमतही येथे केवळ पैशांत मोजून भागत नाही. ज्या आंबेगावाने तालुक्याला नाव दिले, ते जुने गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे. त्यांच्या पाण्याने खालची शिवारे बागायती झाली आणि त्यासाठी वरच्या गावांनी घरेदारे सोडली. कोर्टावर शिंपडल्या जाणाऱ्या बादलीमागे एवढा इतिहास आहे.

१९/ याचा अर्थ कोर्ट बांधू नये असा नव्हे. लेकराला रॅकेट धरायची असेल, तर त्याने शंभर किलोमीटरवरच्या शहरातच जावे, हेही न्याय्य नाही. प्रश्न वाटणीचा आहे. घरचे कोर्ट चौघे वापरतात, शाळेच्या वा गावाच्या जागेवरचे चारशे वापरतील, आणि दोन्हींची निगा जवळपास तेवढीच.

२०/ जुन्नरच्या धान्य व्यापाऱ्यांनी लेणे दिले ते श्रेणी म्हणून, एकत्र येऊन. सारवलेले खळेही गरजेला शेजाऱ्याच्या मळणीसाठी उघडे असे. कोर्टाचा खर्च विचारणाऱ्याने म्हणून दरपत्रकाच्या जोडीला तीन प्रश्न मांडावेत : खाली माती कोणती, वर पाणी कुठले, आणि दहा वर्षांनी रूळ कोण ओढणार?

#इतिहास #जुन्नर #आंबेगाव #टेनिस